फोरहँडमध्ये हाताचे प्रयोग: कशाच्या आधी काय बदलायचं

टेनिसमधला फोरहँड, म्हणजे तळहाताच्या बाजूने मारायचा फटका, बदलायला निघालेली माणसं एकच चूक पुन्हा पुन्हा करतात, म्हणून हा लेख लिहायला घेतला. रात्री फोनवर स्पॅनिश खेळाडू अल्काराझचा स्लो-मोशन फोरहँड बघायचा, मागे लवलेलं मनगट आणि त्यातून चाबकासारखी सुटणारी रॅकेट डोळ्यांत साठवायची, आणि सकाळी कोर्टवर गेल्या गेल्या मनगट झटकायला लागायचं. पहिले दहा बॉल थेट मागच्या जाळीवर, पुढचे दहा नेटमध्ये. मग ग्रिप जरा सरकवून बघायची. मग कोपर ताठ करून बघायचं. मग शेजारच्या कोर्टवरून कुणीतरी सांगतं म्हणून फॉलो-थ्रू (बॉल लागल्यानंतरची रॅकेटची वाट) बदलायचा. पंधरा दिवसांनी नवा फोरहँड आलेला नसतो आणि जुना हरवलेला असतो.

प्रयोग जरूर करावेत. चुकतो तो क्रम. मनगटापासून सुरुवात करणं म्हणजे आधी कळस मग पाया. मी क्लबात गेली बरीच वर्षं मोठ्या वयाच्या खेळाडूंना शिकवतो आणि माझा अनुभव ठाम आहे: आधी पंजा, मग खांदे, मग मनगट आणि कोपर; त्यातही मनगटाला मुद्दाम काही करायला लावायचंच नाही, त्याला फक्त मोकळं ठेवायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.

## तयारी: प्रयोगाआधी काय जुळवायचं

हँडलची जाडी. रॅकेट नेहमीसारखी धरा. अनामिकेचं टोक आणि तळहाताचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. बोट शिरतच नसेल तर हँडल बारीक आहे, ऐसपैस जागा उरत असेल तर जाड. बारीक हँडल हातात फिरतं, म्हणून माणूस ते आवळतो, आणि आवळलेल्या पंज्याने पुढचा एकही प्रयोग नीट होत नाही. बारीक असेल तर एक ओव्हरग्रिप (हँडलवर गुंडाळायची पातळ पट्टी) चढवून बघा; त्याने साधारण अर्ध्या साइझचा फरक पडतो. जाड हँडलला असा सोपा उपाय नाही. तिथे दुसऱ्या साइझची रॅकेट मागून घ्या.

ओव्हरग्रिप. नवी लावा. पावसाळी दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, जुनी ओव्हरग्रिप तासाभरात साबणासारखी होते. मग तुम्ही तंत्र तपासत नसता, रॅकेट हातातून निसटू नये एवढंच बघत असता. रुमाल आणि दुसरी ओव्हरग्रिप पिशवीत असू द्या.

बॉल. वीस-तीस बॉल, सगळे सारख्याच वयाचे. अर्धे नवे आणि अर्धे बसलेले असे मिसळलेत तर कोणता बॉल तंत्रामुळे छोटा पडला आणि कोणता दम गेल्यामुळे, हे कळणार नाही.

फोन. स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम्सवर ठेवा. बॉल स्ट्रिंगवर जेमतेम ४-५ मिलिसेकंद असतो. २४० फ्रेम्सवर दोन फ्रेम्समधलं अंतर सुमारे ४ मिलिसेकंद, म्हणजे संपर्काची एखादी फ्रेम मिळते. साध्या ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत तो क्षण बहुतेक वेळा निसटूनच जातो आणि लोक भलत्याच फ्रेमकडे बोट दाखवून वाद घालतात. फोन कमरेच्या उंचीवर ठेवा: एकदा बाजूने, बॉल जिथे मारणार त्या रेषेत, एकदा मागून, जाळीला टेकवून.

वही. हिच्याशिवाय सुरू करू नका. आठवणीवर विसंबलात तर शेवटचा सुंदर फटका तेवढा लक्षात राहतो.

### सुरुवातीची नोंद

काहीही न बदलता, आज जसा फोरहँड आहे तसा मोजा. सर्व्हिस लाइन (सर्व्हिस बॉक्सची मागची रेघ) आणि बेसलाइन (कोर्टची शेवटची रेघ) यांच्यात साडेपाच मीटरचं अंतर असतं. त्याच्या बरोबर मध्ये खडूने किंवा दोरीने रेघ आखा. जोडीदाराला उजव्या हाताला, दोन-अडीच मीटर पुढे तिरकं उभं करा आणि त्याला हाताने, खालून, हळू बॉल टाकायला सांगा. वीस बॉल मारा. रेघेपलीकडे किती, अलीकडे किती, नेटमध्ये किती, बाहेर किती, चारही आकडे लिहा. असं तीनदा करा. हे साठ बॉल म्हणजे तुमचं माप.

सावधान: स्वतःच्याच डाव्या हाताने बॉल टाकून हे माप घेऊ नका. डावा हात बॉल टाकण्यात गुंतला की खांदे वळत नाहीत आणि फटका नुसत्या हाताचा होतो. जोडीदार नसेल तर मार्करला (क्लबात सराव द्यायला ठेवलेला खेळाडू) पंधरा मिनिटं मागून घ्या.

सावधान: एका वेळी एकच गोष्ट. ग्रिप बदलली त्या आठवड्यात कोपराकडे बघायचं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फटका सुधारला काय आणि बिघडला काय, कारण कळत नाही.

## टप्पा १: ग्रिप

हँडलला आठ बाजू असतात. कोर्टवर त्यांना बेव्हल म्हणतात. रॅकेट समोर धरा, फ्रेमची कड वर-खाली. सगळ्यात वरची सपाट बाजू एक नंबरची. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजा: दोन तिरकी, तीन उजवीकडची उभी, चार खालची तिरकी, पाच तळाची.

आता बॉलपेन घ्या. तर्जनी तळहाताला जिथे मिळते त्या सांध्यावर तळहाताच्या बाजूने एक ठिपका काढा. दुसरा ठिपका करंगळीच्या खाली, मनगटाजवळच्या मांसल उंचवट्यावर. हे दोन्ही ठिपके कुठल्या बाजूवर आहेत त्यावरून ग्रिप ठरते. दोन्ही तीनवर असतील तर ईस्टर्न, चारवर सेमी-वेस्टर्न, पाचवर वेस्टर्न. दोनवर असतील तर ती कॉन्टिनेंटल. सर्व्हिसला आणि व्हॉलीला (बॉल टप्पा घेण्याआधीच मारायचा फटका) ती उत्तम, पण आजच्या फोरहँडला नाही. फेडररची ग्रिप तीनच्या आसपासची, नदालची चारची, जोकोविचची चारच्याही पुढे झुकलेली. तिघांनीही ढिगाने ग्रँड स्लॅम जिंकली, त्यामुळे "खरी ग्रिप कोणती" हा वाद सोडून द्या. तुमच्या कोर्टवर बॉल किती उसळतो आणि तुमचा संपर्क कुठे होतो, हे बघा.

प्रयोगाची रीत अशी. आज दोन्ही ठिपके तीनवर असतील तर पूर्ण चारवर उडी मारू नका. तीन आणि चारच्या मधल्या कडेवर या. एक पूर्ण बाजू म्हणजे ४५ अंश. बाकी सगळं तसंच ठेवून पंजा तेवढा फिरवलात तर रॅकेटचं तोंड जमिनीकडे होतं आणि बॉल नेटच्या बुडाशी जातो. अर्धी बाजू शरीर पचवू शकतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ग्रिप बदलली की संपर्काची जागा बदलावीच लागते. ईस्टर्नला बॉल कमरेच्या उंचीवर, पुढच्या पायाच्या जरासा पुढे भेटतो. सेमी-वेस्टर्नला त्याहून पुढे आणि वर, पोट ते छातीच्या दरम्यान. वेस्टर्नला अजून पुढे, अजून वर. जुन्या जागी उभं राहून नव्या ग्रिपने मारायला गेलात की रॅकेटचं तोंड जमिनीकडे वळतं. मग बॉल नेटवरून जावा म्हणून तुम्ही नकळत मनगट उघडायला लागता, आणि "सेमी-वेस्टर्न मला जमत नाही" असं ठरवून मोकळे होता. प्रत्यक्षात पाय एक पाऊल मागे हवे होते.

तपासा: पाच बॉल मारल्यावर थांबा आणि ठिपके बघा. तर्जनीचा सांधा सरकलेला असतो पण करंगळीखालचा उंचवटा जुन्याच बाजूवर राहिलेला असतो. ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. अशा अर्धवट ग्रिपमध्ये मनगट पिळलेलं राहतं आणि दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतं.

तपासा: बॅकहँड मारून परत फोरहँडला आल्यावर ग्रिप कुठे आहे? ग्रिप डाव्या हाताने फिरवायची. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी, तो रॅकेट फिरवतो, उजवा पंजा फक्त ढिला पडून पुन्हा धरतो. उजव्याच हाताने चाचपडत ग्रिप शोधलीत तर वेगवान रॅलीत ती दर वेळी वेगळी पडणार.

या टप्प्याला किमान दहा दिवस द्या. उसळी घेणाऱ्या बॉलवर सेमी-वेस्टर्न सोपी जाते, पण लाल मातीच्या कोर्टवर बॉल अवचित खाली राहिला की तीच अवघड होते. दोन्ही प्रकारची कोर्टं मिळत असतील तर दोन्हीकडे मोजा.

## टप्पा २: बोटं आणि पकडीचा जोर

तर्जनी जरा पुढे, बाकीच्या बोटांपासून किंचित सुटी, बंदुकीच्या घोड्यावर असते तशी. चारही बोटं एकमेकींना चिकटवून हातोड्यासारखी मूठ वळलीत तर रॅकेटच्या डोक्याचा अंदाज येत नाही. हँडल बोटांत तिरकं बसू द्या.

जोर मोजायला १ ते १० अशी फूटपट्टी मनात धरा. १ म्हणजे रॅकेट निसटेल इतकी सैल, १० म्हणजे जिवाच्या आकांताने आवळलेली. तयारीत उभे असताना ३, बॉल लागताना ५ च्या आसपास. तुम्हाला वाटतं तुम्ही ३ वर आहात, असता ७ वर. म्हणून परीक्षा अशी: तुम्ही वाट बघत उभे असताना जोडीदाराने न सांगता रॅकेटचं डोकं धरून हलकेच खेचावं. रॅकेट थोडी सरकली पाहिजे. तुमचा पूर्ण हात रॅकेटसकट पुढे ओढला गेला तर तुम्ही आवळून धरली आहे.

प्रयोग: वीस बॉल ३ वर, वीस बॉल मुद्दाम ८ वर, पुन्हा वीस ३ वर. आवाजातला फरक ऐका. आवळलेल्या हाताने बॉलचा आवाज कोरडा, टणक येतो आणि दणका कोपरापर्यंत पोचतो. सैल हाताने तो भरीव येतो. हा आवाज ओळखता आला की पुढे मॅचमध्येही कानाने कळतं की हात आखडायला लागलाय.

सावधान: सैल म्हणजे लुळी नव्हे. संपर्काच्या क्षणी रॅकेट पंज्यात गर्रकन फिरत असेल तर जोर कमी पडलाय, नाहीतर बॉल स्ट्रिंगच्या मधोमध लागत नाहीये. आधी दुसरं कारण तपासा.

## टप्पा ३: रॅकेट मागे नेणं

हा टप्पा लवकर उरकतो, पण गाळू नका. डावा हात रॅकेटच्या गळ्यावरून लवकर सोडू नका. तो तिथे आहे तोवर रॅकेट मागे न्यायला खांदे वळावेच लागतात. खांदे वळले की डावा हात साइड लाइनकडे लांबवा.

उजवा पंजा पाठीमागे जाता कामा नये. मागून घेतलेल्या व्हिडिओत पंजा तुमच्या उजव्या कुशीच्या बाजूलाच दिसला पाहिजे. पाठीआड गेला तर परत यायला वेळ लागतो, संपर्क उशिरा होतो आणि तो उशीर भरून काढायला मनगट मध्ये पडतं.

कोपर वर की खाली, रॅकेटचं डोकं उंच की सरळ, हे ज्याचं त्याचं. इथे प्रयोगात वेळ घालवू नका. फक्त खाली येताना स्ट्रिंग जमिनीकडे बघत असू द्या, टेबलावर तळहात टेकवल्यासारखा.

## टप्पा ४: मनगट

सगळे अडतात ते इथे.

व्हिडिओत काय दिसतं? शरीर पुढे वळतं, रॅकेटचं डोकं मागे राहतं, मनगट मागे लवतं, हँडलचं बूड येणाऱ्या बॉलकडे रोखलेलं असतं, आणि मग डोकं झपकन पुढे येतं. बघणाऱ्याला वाटतं, खेळाडूने मनगट मागे नेलं आणि मग झटकलं. तसं नसतं. कंबर आणि खांदे आधी वळतात, पंजा पुढे ओढला जातो, रॅकेटला स्वतःचं वजन आहे म्हणून ती मागे राहते. पकड सैल असेल तर मनगट त्या ओढीने आपोआप मागे लवतं. कपडे वाळत घालण्याआधी ओला टॉवेल झटकतो, तेव्हा त्याचं टोक आपण वेगळं हलवत नाही. हात पुढे जाऊन थबकतो आणि टोक आपलं आपण फटकन येतं. रॅकेटचं डोकं ते टोक आहे.

आणि संपर्काच्या वेळी? बहुतेक चांगल्या फोरहँडमध्ये बॉल लागतो त्या क्षणीही मनगट थोडं मागेच असतं, जड दार तळहाताने ढकलताना असतं तसं. ते पुढे दुमडतं बॉल गेल्यावर. बॉल स्ट्रिंगवर ४-५ मिलिसेकंद असतो, माणसाला दिसलेल्या गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्या क्षणी मनगटाने काही ठरवून करणं शक्य नाही. जे करता येतं ते आधीच.

थोडं अंकगणित. बॉलची दिशा एका अंशाने बदलली तर २३.७७ मीटर लांबीच्या कोर्टच्या दुसऱ्या टोकाला तो साधारण ४० सेंटिमीटर सरकतो. झटकलेलं मनगट रॅकेटचं तोंड एका अंशाने नव्हे, दहा-दहा अंशांनी फिरवतं. म्हणून मनगटाचा फोरहँड एखादा दिवस अफाट चालतो आणि दुसऱ्या दिवशी कुठेच लागत नाही.

प्रयोग तीन पायऱ्यांत करा.

पहिली पायरी, बॉलशिवाय. रॅकेट फक्त अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी धरा. कंबर वळवून हळू, अर्ध्या वेगाने हात पुढे न्या. डोकं मागे राहून मग पुढे येताना जाणवेल. जाणवत नसेल तर हात कंबरेच्या आधी निघतोय. तीस वेळा करा. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून घ्या.

दुसरी पायरी, बसवलेलं मनगट. मागे नेतानाच मनगट दार ढकलायच्या स्थितीत लववा आणि संपर्क होईपर्यंत तसंच ठेवा. वीस बॉल मारा. वेग कमी होईल, पण बॉल सरळ जातील. आकडे लिहा.

तिसरी पायरी, मोकळं मनगट. आता मागे नेताना मनगटाचा विचारच करायचा नाही. पकड ३ वर, आणि लक्ष फक्त एका गोष्टीकडे: हँडलचं बूड बॉलकडे ओढायचं. पुन्हा वीस. आकडे लिहा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतले आकडे शेजारी ठेवा. तिसऱ्या पायरीत बॉल जोरात जातात पण बाहेर आणि नेटमध्ये गेलेले दुप्पट होतात, असं दिसलं तर अजून दहा दिवस दुसरीच पायरी खेळा. बसवलेलं मनगट ही कमीपणाची गोष्ट नाही. क्लबच्या पातळीवर मी अनेकांना तिथेच थांबायला सांगतो आणि त्यांच्या फोरहँडला बॉल द्यायला प्रतिस्पर्धी धजावत नाही.

सावधान, दुखण्याबद्दल: कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या रेषेत वर गेल्यावर जे हाड लागतं तिथे, दुखायला लागलं तर मनगट झटकलं जातंय. मनगटाच्या करंगळीकडच्या कडेला दुखलं तर बहुधा ग्रिप जास्त पुढे सरकलीये आणि मनगट पिळलं जातंय. दोन्ही वेळा त्या दिवशी खेळ बंद. एका उन्हाळ्यात मीही झटक्याच्या मागे लागलो होतो. आतल्या बाजूची ती कळ "स्नायू बनतायत" म्हणून तीन आठवडे रेटली. पुढे दीड महिना उजव्या हाताने अर्धा लिटर दुधाची पिशवी फ्रिजमधून काढताना हात थरथरायचा. दुखणं दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने जात नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. कोपराला पट्टा बांधून खेळत राहू नका.

## टप्पा ५: कोपर, वाकलेलं की सरळ

फेडरर आणि नदाल यांचा हात संपर्काच्या वेळी जवळजवळ सरळ असायचा. जोकोविचचं कोपर वाकलेलं असतं, अगासीचंही असायचं. सरळ हाताला लांबी मिळते, म्हणून त्याच वळण्यात रॅकेटच्या डोक्याचा वेग जास्त. पण बॉल बराच पुढे आणि बराच लांब, नेमक्या जागी गाठावा लागतो. पाय दोन इंच चुकले तरी फटका फ्रेमवर जातो. वाकलेलं कोपर पायांची चूक पोटात घालतं.

आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने सरळ हाताच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अकॅडमीत रोज तीन तास खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने जरूर करून बघावं.

करून बघायचंच असेल तर कोपर ताठ करायला जाऊ नका. उभं राहायची जागा बदला. जोडीदाराला बॉल नेहमीपेक्षा वीतभर पुढे आणि वीतभर लांब टाकायला सांगा. हात तिथवर पोचायला आपोआप उलगडेल. आधी कोपर कुलूप लावल्यासारखं ताठ करून मग बॉलकडे गेलात तर खांदाही आखडतो.

तपासा: वाकलेल्या कोपराने खेळणाऱ्यांनी बाजूच्या व्हिडिओत संपर्काची फ्रेम थांबवावी. कोपर बरगड्यांपासून निदान एक वीत पुढे आणि सुटं दिसलं पाहिजे. बरगड्यांना चिकटलेलं असेल तर बॉल अंगावर आलाय, म्हणजे पायांचं काम राहिलंय. हाताला दोष देऊ नका.

## टप्पा ६: रॅकेटची वाट

ग्रिप, जोर, मनगट, कोपर इतकं जागेवर आलं की मगच टॉपस्पिनकडे (बॉलला पुढच्या दिशेने द्यायची फिरकी) वळायचं. रॅकेटचं डोकं बॉलच्या खालून येऊन वर जातं आणि त्याच वेळी कोपराखालचा हात फिरतो, गाडीच्या वायपरसारखा. हे फिरणं मनगटाचं नाही. दरवाजाची गोल मूठ फिरवताना कोपराखालचं सगळं फिरतं, ते हे.

दोन सराव पुरेसे आहेत.

भिंतीचा: रॅकेटने बॉल भिंतीवर दाबून धरा, कमरेच्या उंचीवर. बॉल न सोडता रॅकेट वर आणि डावीकडे नेत तो भिंतीवरून गडगडत वर न्या. शेवटी तळहात बाहेरच्या बाजूला बघत असेल. दहा-पंधरा वेळा, सावकाश.

छोट्या कोर्टचा: सर्व्हिस लाइनवर उभे राहा आणि बॉल पलीकडच्या सर्व्हिस बॉक्समध्येच पाडा, पण हाताचा वेग कमी न करता. जागा फक्त ६.४० मीटर आहे आणि मध्ये ९१ सेंटिमीटरचं नेट. वेग न कमी करता बॉल आत पाडायचा तर त्याला फिरकी द्यावीच लागते. ढकलून पाडलात तर सराव फुकट गेला.

सावधान: वर जायच्या नादात पुढे जाणं विसरू नका. बॉल खरवडल्यासारखा आवाज येऊन अर्ध्या कोर्टात मरत असेल तर रॅकेट नुसतीच वर जातेय. संपर्कानंतर पंजा जरा वेळ लक्ष्याकडे जाऊ द्या, मग वळवा.

## टप्पा ७: शेवट

रॅकेट डाव्या खांद्यावर संपते, डाव्या कोपराशी संपते की नदालसारखी डोक्यावरून फिरते, हे मुद्दाम बदलू नका. शेवट म्हणजे आधी जे घडलं त्याची खूण. कमरेखालचा बॉल जोरात उचलला तर रॅकेट वर जाणार, छातीचा बॉल आडवा मारला तर खाली. रोज एकाच जागी संपवायची सक्ती केलीत की संपर्काआधीच हात तिकडे वळायला लागतो. एवढंच बघा की रॅकेट मध्येच थांबत नाही आणि डावा हात ती पकडायला मोकळा आहे.

## टप्पा ८: खऱ्या बॉलवर नेणं

पायऱ्या अशा: हाताने टाकलेला बॉल, मग रॅकेटने दिलेला सोपा बॉल, मग डावी-उजवीकडे पळवून दिलेला, मग सहकार्याची रॅली, मग पॉइंट्स. प्रत्येक पायरीवर वीसपैकी सुरुवातीच्या नोंदीइतके बॉल रेघेपलीकडे पडले की पुढची. कमी पडले तर तिथेच थांबायचं. पायरी चढल्यावर आकडा पडतोच, दोन-तीन दिवसांत वर यायला लागतो. आठवडाभर पडलेलाच राहिला तर एक पायरी खाली या.

स्पर्धेच्या आधी तीन आठवडे कुठलाही प्रयोग नको. क्लबची डबल्स लीग असली तरी नको.

## बॉल बिघडला तर कुठे बघायचं

सलग नेटमध्ये: आधी संपर्काची जागा. ग्रिप पुढे सरकली आणि तुम्ही जुन्याच जागी उभे आहात.

सलग बाहेर, उंच: मनगट संपर्काला खाली पडून स्ट्रिंग आभाळाकडे उघडतायत, किंवा वजन मागच्या पायावर राहिलंय. बाजूचा व्हिडिओ बघा, दोन्हींतलं कुठलं ते लगेच कळतं.

डावीकडे ओढला जातोय: खांदे लवकर उघडले किंवा मनगट झटकलं. डावा हात लवकर खाली पडतोय का, तेही बघा.

उजवीकडे जातोय: उशीर. टप्पा ३ वर परत.

फ्रेमवर लागतोय: तंत्राला हात लावण्याआधी डोळे. बॉल लागेपर्यंत मान स्थिर ठेवून दहा फटके मारा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच सुटतं.

मॅचमध्ये ३०-३० अशा बरोबरीवर नवा फोरहँड डळमळायला लागला तर जुनी ग्रिप शोधत बसू नका. पकड ३ वर आणा, मनगट दुसऱ्या पायरीसारखं बसवा, आणि नेटवरून दीड हात उंच, क्रॉस-कोर्ट (समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे), मधल्या वेगाने खेळा. क्रॉस-कोर्टला नेट मध्यावर सर्वांत खाली असतं आणि कोर्टही तिरकं म्हणून लांब मिळतं. गेम संपल्यावर बाकावर बसलात की हाताचा पंजा उघडून बघा: बॉलपेनचे ठिपके घामाने पुसले असतील, पण हँडलने तळहातावर उमटवलेली लाल रेघ ग्रिप कुठे सरकली ते दाखवते.